मोटरसायकलची धाव आणि सुट्या भागांचे कुंपण



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, राज्यघटना, आरोग्य असे विषय यावेत आणि त्यांच्या पंगतीत एके दिवशी क्लचची केबल येऊन बसावी, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. 'हे व्याख्यान आहे की गॅरेज?' असेही कोणी मनात म्हटले असेल. तो प्रश्न आम्हांला गैर वाटत नाही. परंतु सभा संपल्यावर बाहेर लावलेल्या गाड्यांच्या रांगेकडे आपण एकदा पाहावे, एवढीच विनंती. ज्या वाहनावर मुले शाळेत जातात, ज्यावर मिरचीची पोती आणि दुधाचे कॅन बाजारात येतात, ज्यावर लग्नाच्या पत्रिका गावोगाव पोचतात आणि रात्री-अपरात्री आजारी माणूस दवाखान्यात नेला जातो, त्या वाहनाविषयी तासभर विचार करणे हा काही वेळेचा अपव्यय नव्हे.

आपल्याकडे म्हण आहे, सरड्याची धाव कुंपणापर्यंत. मग मोटरसायकलची धाव कोठपर्यंत? जाहिरात पाहिली तर ती हिमालयाच्या शिखरापर्यंत असते. विकणाऱ्याला विचारले तर तो टाकीत पेट्रोल किती मावते ते सांगतो. आमचे उत्तर जरा निराळे आहे. मोटरसायकलचा सुटा भाग जेथे मिळतो आणि तो बसविणारा हात जेथे भेटतो, तेथपर्यंतच तिची खरी धाव. त्यापलीकडे ती जाते ती नशिबावर. सुटे भाग हे तिचे कुंपण आहे. हे कुंपण आपल्या जिल्ह्यात नेमके कोठे पडते, ते तेथेच का पडते आणि ते पुढे सरकविता येईल काय, एवढ्याच तीन गोष्टींचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम आपला जिल्हा पाहू. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा मुलूख. दक्षिणेकडे तापीचे खोरे, त्यात नंदुरबार, शहादा, तळोदा यांसारखी बाजारपेठेची गावे. नवापुराकडून जाणारा सुरत-धुळे महामार्ग. सुरतेहून भुसावळकडे जाणारी रेल्वे. उत्तरेकडे सातपुडा, त्यात अक्राणीचा आणि अक्कलकुव्याचा डोंगराळ भाग, आणि अगदी टोकाला नर्मदा. खाली सपाटी, वर घाट. खाली दुकानांच्या ओळी, वर पाडे. या दोन भागांना जोडणारे वाहन कोणते, असे विचारले तर एस.टी.चे नाव प्रथम घ्यावे लागेल. पण एस.टी. जेथे थांबते तेथून पुढे, आणि ती निघून गेल्यावर, मोटरसायकलच असते.

या जिल्ह्यात लांबचा प्रवास करणारे स्वार दोन प्रकारचे आहेत. पहिला प्रकार बाहेरून येणाऱ्यांचा. पाठीवर पिशवी, मागे बांधलेले सामान, धुळीने माखलेली गाडी, असे तरुण आपण तोरणमाळच्या वाटेवर पाहतो. होळीला ते काठीला जातात, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत हिंडतात. अलीकडे त्यांत एक मोठी भर पडली आहे ती नर्मदा परिक्रमा करणाऱ्यांची. पायी परिक्रमा करणारे पूर्वीपासून आहेत. आता वाहनाने परिक्रमा करणारेही पुष्कळ झाले, आणि त्यांत मोटरसायकलवरचे कितीतरी असतात. दक्षिण तटाने जाताना सातपुड्यातून नदीच्या काठाकाठाने वाहनाला वाट नाही. म्हणून ते खेतियाकडून शहाद्याला येतात, प्रकाशाला तापीचे दर्शन घेतात आणि तळोदा, अक्कलकुवा करीत सागबाऱ्याकडे गुजरातेत उतरतात. एकाच दिवसात मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गुजरात अशी तीन राज्ये ते ओलांडतात. गाडी बिघडली तर भाग इंदुराहून मागवावा, नाशिकहून की सुरतेहून, हे त्यांना कळत नाही. आणि पुष्कळदा ते विकणाऱ्यालाही कळत नाही.

दुसरा प्रकार इथल्याच स्वारांचा. धडगावकडे रोज घाट चढून जाणारा शिक्षक, पाड्यापाड्यांवर लस घेऊन जाणारी आरोग्यसेविका, कर्जाची कागदपत्रे घेऊन फिरणारा बँकेचा माणूस, मोलगीच्या बाजारातून परतणारा शेतकरी. यांना कोणी 'लांब पल्ल्याचे स्वार' म्हणत नाही. त्यांचे फोटो कोणत्याही मासिकात येत नाहीत. पण आमचे म्हणणे असे की, पल्ला हा केवळ किलोमीटरांत मोजावयाचा नसतो. मदत किती दूर आहे यावरून तो ठरतो. पुण्याहून लोणावळ्याला जाणारा माणूस पासष्ट किलोमीटर जातो, पण वाटेत त्याला मेकॅनिक किती आणि दुकाने किती! चांदशैलीच्या घाटात ज्याची चेन तुटली तो कदाचित घरापासून वीसच किलोमीटरांवर असेल, तरी तो त्या पुणेकरापेक्षा कितीतरी लांबच्या प्रवासाला निघालेला असतो. म्हणून परिक्रमेचा स्वार आणि धडगावचा शिक्षक या दोघांचा प्रश्न मुळात एकच आहे. फरक इतकाच की, पहिला आयुष्यात एकदा या वाटेने जातो आणि दुसरा रोज जातो.

आता सारंगखेड्याचे नाव निघालेच आहे तर त्या यात्रेकडे क्षणभर वळू. एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा जो बाजार भरतो तो देशभर प्रसिद्ध आहे. अलीकडे त्यास चेतक महोत्सव म्हणतात. आणि योगायोग असा की, पुण्याच्या बजाज कंपनीने १९७२ साली आपल्या स्कूटरला राणा प्रतापाच्या याच घोड्याचे नाव दिले होते. या बाजारात घोडा घेणारा माणूस कसा घोडा घेतो ते पाहावे. तो दात पाहतो, खूर उचलून पाहतो, अंगावरचे भोवरे पाहतो, चालवून पाहतो. घोड्यांच्या रांगांशेजारीच खोगीर, लगाम, रिकीब विकणारेही बसलेले असतात. घोडा आणि त्याचा सरंजाम एकाच बाजारात मिळतो. याच मनुष्याचा मुलगा मोटरसायकल घेण्यास जातो तेव्हा काय विचारतो? रंग विचारतो, मायलेज विचारतो, हप्ता किती बसेल ते विचारतो. 'या गाडीची क्लच प्लेट शहाद्यात मिळते काय?' हा प्रश्न तो विचारीत नाही. गाडी सहा महिने चालते, मग हा प्रश्न आपोआप उभा राहतो. पण तेव्हा तो वरातीमागून घोडे नेण्यासारखा असतो. शिवाय घोडा आणि गाडी यांत एक मोठा भेद आहे. थकलेला घोडा रात्रभर चारा खाऊन विसावला की सकाळी पुन्हा चालतो. मोटरसायकल रात्रभर उभी राहिली तरी तिची तुटलेली केबल सांधत नाही.

मग रस्त्यावर गाडी अडते ती कशाने? गॅरेजमध्ये घटकाभर बसणाऱ्यास हे सहज कळते की, इंजिन फुटून गाडी अडल्याची उदाहरणे थोडी. ती अडते ते हलक्या किमतीच्या वस्तूंनी. या वस्तूंचे तीन वर्ग करता येतील.

पहिला वर्ग खिशातल्या वस्तूंचा. क्लचची व ॲक्सिलरेटरची केबल, प्लग, चेनलॉक, फ्यूज, ट्यूब, थोडी तार आणि चिकटपट्टी. क्लचची केबल तुटली तर कसलेला स्वार गिअरचा अंदाज घेत गाडी गावापर्यंत आणू शकतो. ॲक्सिलरेटरची केबल तुटली तर मात्र गाडी जागीच बसते. म्हणून बुलेटचे जुने स्वार चालू केबलला लागूनच दुसरी केबल आधी ओढून ठेवीत. पहिली तुटली की टोके बदलायची आणि निघायचे. आपल्याकडे शिदोरी बांधून निघण्याची चाल आहे, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा वर्ग तालुक्याच्या बाजारातल्या वस्तूंचा. चेन-स्पॉकेट, ब्रेकचे लायनर, डिस्कचे पॅड, चाकाचे बेअरिंग, ऑइल सील, क्लच प्लेटा, टायर. या वस्तू झिजतात, आणि झिजणारी वस्तू आज ना उद्या बदलावीच लागते. ज्या गाड्या लाखांनी खपल्या त्यांचे हे भाग कोठेही मिळतात. १९९४ साली आलेल्या स्प्लेंडरचे उदाहरण घ्यावे. तिचा ब्रेक शू ज्या गावात मिळणार नाही असे बाजाराचे गाव शोधूनच काढावे लागेल. हा चमत्कार कंपनीच्या सद्‌गुणाचा नाही, संख्येचा आहे. गावात दोनशे गाड्या एका घडणीच्या असल्या तर दुकानदार त्यांचे भाग आपोआप ठेवतो. पण गावात एखाद्याच घरी असणारी भारी गाडी आली, की तिचा पॅड धुळ्याला, नाशिकला किंवा सुरतेला शोधावा लागतो.

तिसरा वर्ग कंपनीशिवाय कोठेच न मिळणाऱ्या वस्तूंचा. आणि आजची खरी अडचण येथे आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना एबीएसचा ब्रेक सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे धुराचे नियम आले. कार्बुरेटर गेला आणि त्याच्या जागी इंधन मोजून फवारणारी विजेची यंत्रणा, तिचे सेन्सर आणि त्यांवर हुकमत चालविणारा छोटा संगणक आला. हवा स्वच्छ राहावी, ब्रेक दाबल्यावर चाक घसरू नये, हे हेतू उत्तमच आहेत. त्यांस आमचा विरोध नाही. पण त्याचा एक परिणाम लक्षात घेतला पाहिजे. पूर्वी कार्बुरेटरमध्ये कचरा अडकला तर अक्कलकुव्याचा मिस्त्री तो उघडून, फुंकून, दहा मिनिटांत बसवून देई. आता गाडीच्या काट्याजवळ एक पिवळा दिवा लागतो. तो दिवा काय सांगतो हे वाचण्यास स्कॅनर लागतो, आणि त्या त्या कंपनीचा पूर्ण स्कॅनर बहुधा विक्रेत्याच्याच कार्यशाळेत असतो. बॅटरी पार उतरली तर पूर्वीसारखी गाडी ढकलून सुरू करण्याचाही भरवसा उरला नाही. कारण पेट्रोल वर चढविणारा पंपच विजेवर चालतो. म्हणजे ज्ञान रस्त्यावरून उठले आणि शहरातल्या काचेच्या दालनात जाऊन बसले. आपल्या मिस्त्रीचे हात तेच आहेत, डोळे तेच आहेत. पण गाडी आता त्याच्याशी बोलेनाशी झाली आहे.

येथे विक्रेत्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. टाळ्याही मिळतील. पण न्यायाने बोलावयाचे तर त्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. एका गाडीला शेकडो सुटे भाग असतात. कंपन्या दरवर्षी नवे नमुने काढतात. त्याच गाडीच्या दोन वर्षांच्या दोन नमुन्यांत दिव्याचा कंस वेगळा, वायरिंग वेगळे, भागाचा क्रमांक वेगळा. हे सगळे विक्रेत्याने पदरचे पैसे घालून कपाटात ठेवावयाचे म्हटले तर त्याचे भांडवल कपाटातच गंजेल. म्हणून जे रोज खपते तेवढेच तो ठेवतो आणि बाकीचे 'मागवून देतो' म्हणतो. मागविण्याचेही दोन मार्ग असतात. एक नेहमीच्या साठ्याचा. तो सावकाश येतो. दुसरा, ग्राहकाची गाडी उभी आहे म्हणून तातडीने मागविण्याचा. तो लवकर येतो, पण त्यास खटपट आणि वाहतुकीचा खर्च जास्त. गिऱ्हाईक ओळखीचे असेल तर ही खटपट होते. परमुलखातले असेल आणि पुन्हा कधी येणार नसेल तर ती होईलच असे नाही. आणि कंपनीच्या कोठारातच भाग नसेल तर विक्रेता तरी काय करणार? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार!

तेव्हा दोष कोणा एकाचा नाही; दोष व्यवस्थेच्या रचनेत आहे. गाडी विकताना जो उत्साह असतो तो तिच्या पुढच्या दहा वर्षांसाठी कोणी बांधून घेतलेला नाही. इतिहासात याची उदाहरणे पुष्कळ आहेत. त्यांतली चार आपण पाहू.

पहिले बुलेटचे. १९५५ साली मद्रासेत एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. आरंभी भाग इंग्लंडहून येत आणि जोडणी येथे होई; पुढे सगळे भाग येथेच होऊ लागले. १९७० च्या सुमारास इंग्लंडातील मूळ उद्योग संपला, पण गाडी भारतात चालू राहिली. त्या गाडीचे इंजिन थोड्याफार फरकाने अर्धशतक एकाच घडणीचे राहिले. त्यामुळे बापाच्या गाडीचा भाग मुलाच्या गाडीला लागे आणि गावोगावच्या मिस्त्र्याला ती डोळे मिटून उघडता येई. बुलेट कमी बिघडे म्हणून ती लांब गेली असे कोणी म्हणणार नाही. ती बिघडे, पण कोठेही दुरुस्त होई, म्हणून ती लांब गेली.

दुसरे जावाचे. म्हैसुरात १९६१ साली आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला. १९७३ पासून तीच गाडी येझदी या नावाने निघू लागली. १९९६ साली कारखाना बंद झाला. तेथून पुढे या गाड्यांना ना कंपनी, ना विक्रेता. तरीही त्या आजपर्यंत रस्त्यावर दिसतात. त्या कोणी जगविल्या? पुण्याच्या नाना पेठेतील, दिल्लीच्या करोलबागेतील सुट्या भागांच्या दुकानदारांनी. लेथवर बुश कातून देणाऱ्या कारागिरांनी. आणि एक गाडी मोडून तिच्या भागांवर दोन गाड्या चालविणाऱ्या शौकिनांनी. २०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी ही नावे बाजारात पुन्हा आली, पण नव्या गाडीचे इंजिन निराळे. तिचे भाग जुन्या गाडीला कसे लागणार? नाव परत आले, कपाट परत आले नाही.

तिसरे उदाहरण परदेशचे. टेड सायमन नावाचा इंग्रज लेखक १९७३ च्या ऑक्टोबरात ट्रायम्फ मोटरसायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. तो निघाला त्याच्या आदल्याच महिन्यात त्या गाडीच्या मेरिडन येथील कारखान्यात कामगारांनी ठाण मांडले आणि काम बंद पडले. म्हणजे स्वार वाटेवर आणि गाडीचे माहेर बंद! तरी चार वर्षांनी, १९७७ साली, तो प्रवास पुरा करून परत गेला. कारण ती गाडी साधी होती. तिची दुरुस्ती हाताने करता येई आणि तिची जात ओळखणारी माणसे देशोदेशी होती.

चौथे अगदी अलीकडचे. अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीने सप्टेंबर २०२० मध्ये भारतातील उत्पादन आणि विक्री बंद करण्याचे जाहीर केले. लाखो रुपयांच्या गाड्या घेतलेले लोक एका दिवसात चिंतेत पडले. पुढच्याच महिन्यात हीरो मोटोकॉर्पशी करार झाला आणि भागांची व दुरुस्तीची सोय तिच्याकडे गेली, म्हणून निभावले. यातून दिसते ते इतकेच की, पैसा पुष्कळ मोजला म्हणजे भागांची हमी मिळते असे नाही. ज्याच्याजवळ दहा लाखांची गाडी आहे तोही, आणि ज्याच्याजवळ वीस वर्षांची जुनी गाडी आहे तोही, शेवटी एकाच कुंपणात असतो.

या चार उदाहरणांचा इत्यर्थ काय? गाडीला तीन आधार लागतात: भाग बनविणारा, भाग ठेवणारा आणि भाग बसविणारा. पहिला गेला तरी उरलेले दोघे काही काळ निभावून नेतात. पण तिसरा, म्हणजे रस्त्यावरचा मेकॅनिक, गेला तर पहिल्या दोघांचा उपयोग फक्त शहराला उरतो. आज आपल्यासारख्या जिल्ह्यात धोका आहे तो या तिसऱ्याला.

कायद्याची नजर या प्रश्नाकडे वळलेली नाही असे नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला. खरे सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांना मोकळेपणाने मिळू न देणे, हा त्यांच्यावरचा ठपका होता. दंडाचा वाद पुढे वरच्या न्यायासनांपुढे गेला. तो निर्णय मोटारींपुरता होता हेही खरे. पण त्यामागचे तत्त्व चार चाकांना लागू आणि दोन चाकांना नाही, असे कोणी म्हणू शकेल काय? पुढे २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठी इंटरनेटवर एक दालन उघडले. शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि वाहने हे चार विभाग त्यात धरले आहेत. वस्तू विकत घेणाऱ्यास ती दुरुस्त करून घेण्याचाही हक्क आहे, ही कल्पना आता सरकारदरबारी पोचली आहे. ती धडगावच्या घाटापर्यंत कशी पोचवायची हे मात्र आपल्याला पाहावे लागेल.

यासाठी आपल्या डोळ्यांसमोर एक जुना नमुना आहे. तो म्हणजे आपली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर तिची पहिली गाडी निघाली. आज नंदुरबार, शहादा, नवापूर, अक्कलकुवा येथे तिचे आगार आहेत. एस.टी.ने जेथे गाडी पाठविली तेथे आगारही केले. आगारात फिटर ठेवला, भाग ठेवले. मोठ्या दुरुस्तीसाठी विभागाची आणि त्याहून मोठ्या कामासाठी दापोडीसारखी मध्यवर्ती कार्यशाळा उभी केली. एस.टी.च्या उणिवा आपण रोज बोलतो. परंतु 'गाडी जाईल तेथवर फिटर आणि भाग गेले पाहिजेत' हे जे सूत्र तिने धरले, ते मोटरसायकलच्या व्यापाराने अद्याप धरलेले नाही. तेथे 'गाडी जाईल तेथवर विक्री' एवढेच धरले आहे.

मग करावे काय? आम्ही चार जणांची चार कामे सांगतो. कोणतेही काम आवाक्याबाहेरचे नाही.

पहिले काम स्वाराचे. त्याने गाडी घेण्यापूर्वी तालुक्याच्या दोन मेकॅनिकांना विचारावे की, या गाडीचे कोणते भाग इथे मिळतात. निघण्यापूर्वी पहिल्या वर्गातल्या वस्तू पिशवीत घालाव्यात, आणि त्या बसविण्यास शिकावे. नुसती केबल जवळ असून भागत नाही. आपल्या गाडीच्या झिजणाऱ्या भागांचे क्रमांक वहीत लिहून ठेवावेत. फोनवरून 'तो गोल पत्रा' असे सांगितल्याने भाग येत नाही. क्रमांक सांगितला की धुळ्याचा दुकानदार तो संध्याकाळच्या बसने पाठवून देऊ शकतो. आणि स्वस्त नकली ब्रेक पॅड घेऊन घाट उतरू नये. त्या बचतीची किंमत फार असते.

दुसरे काम विक्रेत्याचे. त्याने सगळे भाग ठेवावेत असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या नमुन्याची गाडी तो विकतो तिला रस्त्यावर अडविणारे वीस-पंचवीस भाग त्याने ठेवावेतच, आणि त्यांतला एक डबा धडगाव, अक्कलकुवा, मोलगी येथल्या विश्वासू मेकॅनिकाकडे उधारीवर ठेवावा. जो भाग लागेल त्याचे पैसे महिनाअखेर घ्यावेत. औषधाच्या दुकानांत असे व्यवहार रोज होतात. परमुलखातला स्वार आला तर त्याला रांगेत पुढे घ्यावे. इथल्या माणसाला घरी जाऊन उद्या येता येते, त्याला येत नाही.

तिसरे काम कंपनीचे. गाडी बंद केल्यावर तिचे भाग किती वर्षे पुरविणार हे तिने बिलावर छापावे. भागांचे क्रमांक आणि किमती उघड ठेवाव्यात. स्कॅनर आणि त्याचे शिक्षण योग्य मोबदला घेऊन कोणत्याही मेकॅनिकाला द्यावे. आणि दरवर्षी नमुना बदलताना निदान झिजणारे भाग तरी तेच ठेवावेत. बुलेटने अर्धशतक आणि स्प्लेंडरने तीस वर्षे जे दाखवून दिले ते इतरांना जमू नये असे नाही.

चौथे काम आपले, म्हणजे गावाचे. आपल्या जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत संध्याकाळचे वर्ग काढून जुन्या मेकॅनिकांना नव्या गाड्यांची वीज शिकविता येईल. ज्याने तीस वर्षे इंजिने उघडली त्याला सेन्सर शिकविणे कठीण नाही. त्याला कोणी शिकवीत नाही, ही अडचण आहे. प्रकाशाच्या घाटाजवळ, तोरणमाळच्या पायथ्याशी, अक्कलकुव्याच्या नाक्यावर एक साधा फलक लावता येईल. त्यावर पुढच्या टप्प्यात दुरुस्ती कोठे होते, भाग कोठे मिळतात आणि रात्री कोणाला हाक मारावी, एवढे लिहिलेले असावे. परिक्रमावासीला अन्न देणे हे आपल्याकडे पुण्य मानतात. त्याच्या गाडीची चेन बसवून देणे हेही त्याच जातीचे पुण्य आहे असे आम्हांला वाटते.

२०२५ साली मुंबईहून मोटरसायकलवर निघालेला एक मराठी तरुण अनेक देश ओलांडून इंग्लंडात पोचला आणि नॉटिंगहॅममध्ये त्याची गाडी चोरीला गेली. बातमी पसरली, आणि त्याच भागातल्या एका मोटरसायकल विक्रेत्याने त्याला त्याच घडणीची दुसरी गाडी दिली. त्या दुकानदाराचे या मुलाशी नाते काय होते? दोघेही दोन चाकांच्या व्यवहारातले, एवढेच. विक्रेता हा रस्त्यावरच्या माणसाचा सोबतीही असू शकतो, हे त्याने दाखविले. अशी माणसे आपल्याकडेही आहेत. मध्यरात्री उठून दुकान उघडणारे मिस्त्री आपण सर्वांनी पाहिले आहेत. पण एखाद्याच्या चांगुलपणावर सगळ्या जिल्ह्याचा प्रवास टाकणे बरे नव्हे. त्या चांगुलपणाला व्यवस्थेची जोड दिली पाहिजे.

आणि हे सारे कोणासाठी, हे शेवटी सांगणे जरूर आहे. सातपुड्यातल्या पाड्यावरून आजारी माणसाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते, ही गोष्ट या जिल्ह्याला नवी नाही. त्या रस्त्यावर पुढे जे पहिले वाहन भेटते ते पुष्कळदा मोटरसायकल असते. मधे आजारी बाई, मागे तिला धरून बसलेला भाऊ, पुढे गावातला एखादा पोरगा, आणि समोर उतरणीचा घाट. त्या वेळी त्या गाडीची चेन कोणत्या प्रतीची आहे, ब्रेकचे लायनर गेल्या महिन्यात बदलले की मिळाले नाही म्हणून तसेच राहिले, यावर एका माणसाचे जगणे अवलंबून असते. तोरणमाळला हौसेने येणाऱ्या स्वारासाठी जे कपाट आपण भरून ठेवू, त्याच कपाटातून या पोराला लायनर मिळणार आहे. पाहुण्याची सोय आणि घरच्याचा जीव या दोन्ही गोष्टी एकाच फळीवर ठेवलेल्या आहेत.

म्हणून कोणत्याही कंपनीची थोरवी मोजावयाची असेल तर तिची गाडी किती वेगाने जाते किंवा कोणत्या बर्फात जाते हे पाहू नये. तिची केबल धडगावात मिळते काय, एवढे विचारावे. जिचे उत्तर 'होय' येईल ती गाडी खरी लांब पल्ल्याची.

 घरी जाताना गाडीची चेन एकदा हाताने हलवून पाहावी, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.